चाक गार आहे

११ फेब्रुवारी

ही वही खरं तर लिफ्टची. बत्तीस वर्षं मी लिफ्ट दुरुस्त केल्या. निवृत्त झालो तेव्हा कंपनीने एक भिंतीवरचं घड्याळ दिलं आणि सहा कोऱ्या नोंदवह्या मी आपण होऊन उचलल्या. घड्याळ बंद पडलं, वह्या अजून चालू आहेत. पानावर छापील रकाने आहेत: दिनांक, ठिकाण, बिघाड, अडकलेल्या व्यक्ती, किती वेळ, सही. मी त्यांच्यावरून बिनदिक्कत आडवं लिहीत जातो. आज मात्र ते भरावेत असा प्रसंग आला.

बिघाड: घरगाडीच्या, म्हणजे मोटारीमागे जोडून ओढायच्या आमच्या चाकांवरच्या घराच्या, डाव्या चाकाचं बेअरिंग जळालं. ठिकाण: हमरस्त्यालगतचा तळ, आमच्यासारखे लोक गाड्या लावून वीज-पाणी घेतात तो. अडकलेल्या व्यक्ती: हा रकाना रिकामा. अडकणं वेगळं आणि थांबणं वेगळं.

झालं असं की मागच्या ट्रकवाल्याने हॉर्न वाजवून वाजवून जीव नकोसा केला. मी म्हटलं, घाई असेल तर जा की पुढे. तो शेजारून जाताना हात बाहेर काढून चाकाकडे दाखवू लागला तेव्हा आरशात बघितलं. धूर. उतरलो तर हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, इतका तापलेला की थुंकी टाकली तर चर्र व्हावं. आणि गंमत म्हणजे वीसच मिनिटांपूर्वी आम्ही चहाला थांबलो होतो. यादीतला नववा मुद्दा मी नेहमीसारखा विचारला होता.

"चाक गार आहे ना?"

"गार," ही म्हणाली.

म्हणजे वीस मिनिटांपूर्वी गार असलेलं चाक वीस मिनिटांत जळून खाक! बेअरिंग बनवणाऱ्याला भर चौकात उभं करायला हवं.

यादीबद्दल लिहून ठेवतो. लिफ्टच्या कामात एकट्याने काही करायचं नसतं. एकाने विचारायचं, दुसऱ्याने हात लावून उत्तर द्यायचं. तीच शिस्त मी घरगाडीला लावली. चौदा मुद्दे. हुक बसला का, साखळी लागली का, दिवे, ब्रेक, आणि प्रत्येक थांब्यावर नववा मुद्दा: हबला हात लावून बघायचा. मी पुढे गाडीपाशी, ही मागे. वर्षभरात एकदाही चूक नाही. असा जोडीदार मिळायला नशीब लागतं.

१२ फेब्रुवारी

हब आणि बेअरिंगचा संच फोनवरून मागवला. आमची घरगाडी जुनी, तो आकार आता जवळपास कुठे मिळत नाही. बारा दिवस लागतील म्हणाले. तळाच्या मालकांना विचारलं, एवढे दिवस थांबलं तर चालेल ना? ते म्हणाले, "होईल." हा माणूस प्रत्येक गोष्टीला "होईल" म्हणतो. नळाला पाणी नाही म्हटलं तरी "होईल."

चाक काढलं, जॅक लावला, पाणसळ ठेवून गाडी समतल केली. बुडबुडा बरोब्बर मध्ये. तरी ही म्हणते, झोपल्यावर डोकं खाली गेल्यासारखं वाटतं. बुडबुडा खोटं बोलत नाही म्हटलं.

१५ फेब्रुवारी

चालत्या घरात कळत नाही, उभ्या घरात कळतं, की सोळा फूट बाय सात फूट म्हणजे किती. मधली वाट दीड फुटाची. एकाने बसल्याशिवाय दुसऱ्याला जाता येत नाही. आज मोजलं. सकाळपासून दुपारपर्यंत मी अकरा वेळा इकडून तिकडे गेलो. मला कधी थांबावं लागलं नाही, कारण मी उठलो की ही आपोआप बसते. सवयीने सगळं सुरळीत होतं.

बारा दिवस वाया कशाला घालवा, म्हणून दुरुस्तीची यादी केली. छताच्या सांध्यातला गळती थोपवणारा जुना मसाला खरवडून नवा भरायचा. खिडक्यांचे रबर. पाण्याची टाकी धुवायची. पलंगाखाली ओल आलीय, तिथली फळी बदलायची. यादी वाचून दाखवली तर ही म्हणाली, "या डब्याचं कधी संपत नाही."

घरगाडीला ती डबा म्हणते. सुरुवातीला मला राग यायचा. आता दुर्लक्ष करतो.

कपडे धुवायची सोय तळावर नाही. समोरच्या गल्लीत धुलाईचं दुकान आहे, त्याला लागून कपडे दुरुस्तीचं. ही तिकडे गेली आणि दोन तासांनी आली. धुलाईला दोन तास? म्हणाली, "टेलरबाईशी बोलत बसले." टेलरबाई म्हणजे दुरुस्तीच्या दुकानाची मालकीण. एकटीच असते. कमरेत उसण भरलीय आणि कामाचा ढीग पडलाय.

१९ फेब्रुवारी

ही आता रोज सकाळी टेलरबाईंकडे जाते. बटणं लावायला, उसवलेलं शिवायला. मी म्हटलं, "तुला कंटाळा येत असेल ना, म्हणून जातेस. आठवड्याचा तर प्रश्न आहे." ती म्हणाली, "हो." मग पदर खोचून गेली.

तिला शिवणाची आवड पहिल्यापासून. घरी मशीन होतं, पायाचं, तिच्या आईकडून आलेलं. घर विकून निघालो तेव्हा मी प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवली होती. घरगाडीचा सगळा खेळ वजनाचा. मशीन भरलं बत्तीस किलो. आसावर बत्तीस किलो म्हणजे चेष्टा नाही. "देऊन टाकू ना?" म्हटलं, तर ती "बरं" म्हणाली. कटकट नाही, रडारड नाही. माझी हत्यारांची पेटी एक्केचाळीस किलोची आहे, पण ती लागतेच.

निघालो ते दोन मार्चला, एका वर्षाच्या बोलीवर. "वर्षभर बघू, नाही जमलं तर कुठेतरी दोन खोल्या घेऊ," असं मी म्हणालो होतो. पण आता तिलाही गोडी लागलीय. जमलं की नाही, हा प्रश्न तिने एकदाही काढलेला नाही.

२३ फेब्रुवारी

दिवसभर छतावर. मसाला भरायचं काम बेतशीर असतं, हात थांबवला की रेघ तुटते. रेडिओ वर घेऊन बसलो होतो. खाली कोणाशी तरी हिचं बोलणं ऐकू आलं. "कोण गं?" विचारलं. "पत्ता विचारत होते," म्हणाली.

नंतर ती दुकानाकडे निघाली तेव्हा वरून बघितलं, पिशवी चांगलीच जड दिसत होती. एका हातातून दुसऱ्या हातात घेत होती. "उतरू का? उचलू का?" तर म्हणाली, "नको, तुमची रेघ तुटेल. पडदे आहेत टेलरबाईंचे." बघा, माझ्या कामाची किती जाण.

२५ फेब्रुवारी

संच काल यायचा होता. आला नाही. आजही नाही.

२७ फेब्रुवारी

तळपायाची आग मस्तकात गेली आहे. कुरिअरला फोन केला. म्हणतात, "पोचलं की साहेब. तेवीस तारखेला सही झालीय." मी म्हटलं, मी तेवीसला दिवसभर छतावर होतो, अख्खा तळ माझ्या नजरेखाली होता, मुंगी आली असती तरी दिसली असती. तो म्हणाला, ऑफिसात या, सही दाखवतो.

हिला सांगितलं. ती पालेभाजी निवडत होती. म्हणाली, "काखेत कळसा असेल हो."

"काखेत कसला कळसा? सोळा फुटांच्या गाडीत मला न दिसणारी जागा आहे का कुठे?"

"ते खरं," ती म्हणाली. "तुम्हाला न दिसणारी जागा इथे नाहीच."

या बाबतीत माझं म्हणणं तिलाही मान्य आहे.

२ मार्च

आज जेवणात गोड होतं. कशाबद्दल, विचारलं. म्हणाली, "सहज." तिने ठेवणीतली निळी साडी नेसली होती. तिला एकच कपाट दिलंय, त्यातली ही साडी घडीवरच असायची. मी जेवलो, वाटी चाटून पुसून घेतली. मग पलंगाखालच्या ओलीचं सांगितलं. फळी कुजलीच आहे, बदलावी लागेल. ती ऐकत होती. मग म्हणाली, "आज तारीख काय?"

"दोन."

"दोन," ती म्हणाली आणि भांडी उचलली.

मी उठलो, ती बसली, मी बाहेर जाऊन फळी कापायला घेतली.

४ मार्च

मुलीचा फोन. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाबा, आईला एकदा नीट विचारा ना."

"काय विचारू?"

"विचारा म्हणजे कळेल."

लग्न झालेल्या मुली कोड्यात बोलतात. जावई चांगला आहे, त्याला उत्तरं येत असतील. मी म्हटलं, "तुझ्या आईला काय हवं ते मला चौतीस वर्षांत कळलं नाही असं वाटतं का तुला?" ती गप्प झाली. पटलं असावं.

खरं सांगायचं तर या तळावर माझा जीव घुसमटायला लागलाय. छत झालं, रबर झाले, फळी झाली, टाकी दोनदा धुतली. चालतं घर चालत नसेल तर त्याची खोली होते, आणि खोलीही किती, तर अंग वळवलं की कोपर भिंतीला. इतर गाड्या येतात, दोन दिवस राहतात, जातात. जाताना लोक हात हलवतात. मला तो हात आवडत नाही. एका चाकावर आणि जॅकच्या आधाराने उभी असलेली आमची गाडी बघून एकाने विचारलं, "कायमचे इथलेच का?" मी त्याला चांगलं सुनावलं. तो गेल्यावर वाटलं, त्याने तरी काय वाईट विचारलं होतं.

काल रेडिओ लावायलाही नको वाटलं. बेअरिंग नाही म्हणून माणूस असा अडकतो, हे लिफ्टवाल्याला शोभत नाही.

८ मार्च

कुरिअरच्या ऑफिसात जाऊन आलो. मोटारीने जाऊन येऊन चार तास. खिडकीतल्या माणसाने सहीचा कागद समोर टाकला. मी बघतच राहिलो. सही हिची. म्हणजे हिच्यासारखी! तीच तिरकी अक्षरं, शेवटी आडनावाखालची रेघ, आणि रेघेखाली ती देते ते टिंबसुद्धा. मी खिडकीतल्या माणसाला म्हटलं, "चोरी करायची तर निदान एवढी मेहनत घेऊ नका. टिंबसुद्धा बरोब्बर काढलंय." तो म्हणाला, "साहेब, तुमच्या मिसेसना विचारलंत का?" मी म्हटलं, माझ्या बायकोला मध्ये आणायचं काम नाही. आवाज चढला. रांगेतल्या लोकांनी मला बाहेर काढलं म्हणायला हरकत नाही.

घरी येऊन हिला सगळं सांगितलं. म्हणाली, "मीच केली असेल सही."

मला हसूच आलं. कितीतरी दिवसांनी इतका हसलो. हिची विनोदबुद्धी अशी अधूनमधून चमकते. ती हसली नाही. विनोद करणाऱ्याने स्वतः हसू नये, हे तिला जमतं.

दुकानदाराला पुन्हा फोन केला. दुसरा संच पाठवतो म्हणाला, आणखी तीन आठवडे. मी कपाळाला हात लावला. "अजून तीन आठवडे गं. तुझेही हाल." ती म्हणाली, "होऊ दे." आणि न मागता मला दुसरा चहा दिला.

१० मार्च

गॅस संपला. भरलेली टाकी आणायची तर पावती हवी, आणि पावती हिच्या पर्समध्ये. म्हणून आज पहिल्यांदा टेलरबाईंच्या दुकानात गेलो.

दुकान केवढं, तर आमच्या गाडीपेक्षा थोडं मोठं. पण छत उंच. दारातून सरळ मागची खिडकी दिसते आणि खिडकीबाहेर अंगण. टेलरबाई कमरेला पट्टा बांधून कातरकाम करत होत्या. ही मशीनवर बसली होती, दाराकडे पाठ. पायाचं मशीन नव्हे, विजेचं. कुणाच्या तरी कोटाचं अस्तर बदलत होती आणि बोलत होती. काय बोलत होती ते महत्त्वाचं नाही. गाडी पाणसळीत लावताना तिचं डोकं कसं खाली जातं आणि बुडबुडा कसा मध्ये असतो, ते सांगत होती. नक्कल माझी होती. चांगली करते. टेलरबाईंना हसून हसून कमरेत कळ आली.

स्टूल उंच आहे. हिचे पाय जमिनीला पोचत नाहीत. तिने पायाखाली एक खोकं घेतलं होतं.

खोक्यावर माझं नाव होतं.

टेलरबाईंनी मला बघितलं. मी त्यांना बघितलं. मी तसाच मागे फिरलो. गॅस आणला नाही. दुपारी कोरडं खाल्लं. ही संध्याकाळी आली, "टाकी नाही आणलीत?" म्हणाली. "बंद होतं," म्हटलं. आयुष्यात पहिल्यांदा हिच्याशी खोटं बोललो. बहुतेक पहिल्यांदा.

११ मार्च

खोक्याचा विषय काढला नाही. 

मला संताप यायला हवा होता. कालपासून वाट बघतोय, येत नाही. त्याच्या जागी एक लिफ्ट आठवतेय.

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. एका कार्यालयात दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती. आत एक बाई, एकट्या. मी बाहेरून ओरडलो, "घाबरला नाहीत ना? ठीक आहात ना?" आतून आवाज आला, "ठीक आहे." मग मी निवांत काम केलं. पाऊण तासाने दार उघडलं तर बाई कोपऱ्यात बसलेल्या, घामाने चिंब, ओठ पांढरे. मी म्हटलं, अहो, ठीक आहे म्हणालात की. त्या म्हणाल्या, "तुम्ही तसंच विचारलंत." माझे उस्ताद शेजारी होते. त्यांनी मला दोन गोष्टी सांगितल्या. एक, आतल्या माणसाला विचारायचं ते असं, की त्याला नाही म्हणता यावं. दोन, दार उघडल्यावर हात धरून ओढायचं नाही. दार उघडायचं आणि बाजूला व्हायचं. माणूस आपला आपण येतो.

दुसरी गोष्ट मी आयुष्यभर पाळली. पहिली विसरलो.

आज वाटेतून जाताना मुद्दाम लक्ष दिलं. मी उठलो, ही बसली. पाण्याला उठलो, बसली. बाहेर निघालो, बसली. हातात गरम चहाचा पेला होता, तरी बसली. थोडा सांडला.

१२ मार्च

सकाळी पायरीवर खोकं. हिने आणून ठेवलेलं. टेलरबाईंनी सांगितलं असणार. वरच्या पुठ्ठ्यावर दोन पावलांचे खळगे पडलेत.

मी खोक्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं. ती म्हणाली, "बसवा."

"तू..."

"बसवा हो आधी. उन्हं वर आली की तुमचं डोकं दुखतं."

तेवढंच. दिवसभर काम केलं. आसाचं टोक पॉलिश कागदाने घासून काढलं, जळकट डाग निघाले. ग्रीस भरलं, बेअरिंग बसवलं, हब चढवला, नट आवळून किंचित सैल केला. चाक हाताने फिरवलं. आवाज नाही, डगमग नाही. असं काम झाल्यावर मला जो आनंद होतो तो झाला नाही. मालक येऊन बघून गेले. "निघणार मग?" मी म्हटलं, "होईल."

१३ मार्च

नवीन बेअरिंग बसवल्यावर थोडं अंतर चालवून बघावं लागतं. गाडी जोडली. मी पुढून यादी वाचली, मागून हिची उत्तरं आली. हुक, बसला. साखळी, लागली. दिवे, लागले. आवाज नेहमीचाच. पुढच्या चौकापर्यंत जाऊन परत यायचं ठरलं. परत आलो, तळाच्या फाटकाशी थांबलो. मी उतरलो, तीही उतरून मागे गेली. सवयीने तोंडातून निघालं,

"चाक गार आहे ना?"

उत्तर आलं नाही. मी वळून बघितलं. ती वाकली होती. साडी सावरून, गुडघ्यावर हात ठेवून, अगदी खाली वाकली होती, आणि हबवर तळवा ठेवून होती. बराच वेळ.

"कोमट आहे," ती म्हणाली.

मी धावत गेलो. म्हटलं, पुन्हा जळतंय की काय. हात लावला. कोमट. जेवढं असायला हवं तेवढंच कोमट, उजवं चाकही तेवढंच. मी म्हटलं, "बरोबर आहे. चालून आलेलं चाक कोमटच..."

आणि वाक्य तोंडातच राहिलं.

चालून आलेलं चाक कोमटच असतं. गार कधीच नसतं. हे मला ठाऊक आहे, बत्तीस वर्षं मी फिरणाऱ्या गोष्टींना हात लावलाय. आणि वर्षभर, प्रत्येक थांब्यावर, उन्हातान्हात, घाट चढून आल्यावरसुद्धा, मी "गार" ऐकलं, समाधानाने यादीवर खूण केली आणि पुढे निघालो. एकदाही मनात आलं नाही की असं होऊच शकत नाही.

"तू हात लावत नव्हतीस," मी म्हटलं.

"नाही."

"कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून." ती साडीला हात पुसत होती. ग्रीसचा काळा पट्टा उमटला, तरी पुसत राहिली. "तुम्ही विचारायचात तेव्हा उत्तर तुम्हाला आधीच माहीत असायचं. मग मी कशाला वाकू? मशीन देऊन टाकू ना, गार. घर विकू ना, गार. इथे बरं वाटतंय ना, गार. सगळं गारच होतं."

"गाडी पेटली असती, आपण मेलो असतो."

"हो," ती म्हणाली. "त्या दिवशी धूर बघितला आणि मला भीती वाटली. मग लाज वाटली. मग वाटलं, आता तरी थांबू. खोकं लपवायचं ठरवलं नव्हतं. सही केली, तुम्हाला हाक मारायला तोंड उघडलं, आणि 'पत्ता विचारत होते' निघालं. मलाच आश्चर्य वाटलं. नंतर सांगितलंही तुम्हाला, सही मीच केली म्हणून. तुम्ही हसलात."

फाटकात गाडी आडवी, मागे एक गाडी येऊन थांबलेली. त्याने हॉर्न वाजवला. मी हलू शकलो नाही. मालक आले, त्यांनी त्या माणसाला हाताने थांबवलं. "होईल," म्हणाले.

मी तिला विचारलं. जसं विचारलं तसं लिहितो.

"पुढे कुठे जायचं, ते तू सांग. गाडीत यायचं की नाही, तेही सांग."

ती चटकन बोलली नाही. मला वाटतं, शब्द जुळवत नव्हती. शब्द तिच्याकडे वर्षभर तयार होते. ते बाहेर येऊ द्यायचे की नाही, ते बघत होती.

"नाही," ती म्हणाली. "गाडीत नाही. टेलरबाईंच्या दुकानामागे खोली आहे. मी ती घेतलीय. दोन मार्चला सांगणार होते. तुम्ही फळीचं बोलत बसलात."

१४ मार्च

सकाळी तिने कपाट रिकामं केलं. एक कपाट, दोन पिशव्या, एक निळी साडी. वजन केलं नाही, पण सांगतो, नऊ किलोसुद्धा भरणार नाही.

मी दाराशी उभा होतो. ती आतल्या टोकाला, पलंगापाशी. मधली वाट दीड फुटाची. दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती वळली आणि मला समोर बघून, सवयीने, बसायला लागली.

"नको," मी म्हटलं.

आणि मी बसलो. गुडघे आत ओढून घेतले, पाय बाकाखाली घेतले, जेवढं लहान होता येईल तेवढा झालो. वर्षभरात मी त्या बाकावर असा कधी बसलो नव्हतो. तिथून खिडकी दिसत नाही. समोर फक्त कपाटाचं दार, नाकापासून हातभर अंतरावर. दुपारपर्यंतच अकरा अकरा वेळा ती हे बघत होती.

ती माझ्या गुडघ्यांना पिशवी घासत गेली. हात पुढे करावासा वाटला, पिशवी घ्यावीशी वाटली. केला नाही. दार उघडंच होतं. पायरीवर थांबून ती म्हणाली, "औषधं वरच्या खणात आहेत. सकाळची पांढरी."

"बरं," मी म्हटलं.

ती तळ ओलांडून गल्लीत गेली. वळली नाही. चालणं नेहमीपेक्षा जरा भरभर होतं.

गाडी आता अगदी ठाकठीक आहे. छत गळत नाही, खिडक्या घट्ट, फळी नवी, दोन्ही चाकं फिरतात. कुठेही जाता येईल. मी सकाळपासून त्याच बाकावर बसलोय आणि उठून कुठे जावं ते सुचत नाही. वाटेत कोणी नाही, तरी उठवत नाही.

अकरा फेब्रुवारीच्या पानावर जाऊन ते रकाने नव्याने भरले. बिघाड: ऐकण्यात. अडकलेल्या व्यक्ती: एक. मग थोडा विचार केला आणि त्या आकड्याच्या पुढे आणखी एक काढला, माझा, पण तो आजच्या तारखेपासून.

"किती वेळ" हा रकाना तिच्यापुरता रिकामा ठेवलाय. एक वर्ष बारा दिवस असं लिहिणार होतो, मग हात थांबला. मशीन आठवलं, आणि मशीनच्या आधीचंही काहीबाही. ते तिलाच विचारावं लागेल. उद्या दुकानात जाईन, दाराशी उभा राहीन, आणि ती आत या म्हणते का ते बघीन.